भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घ्यायचाय, १२ लाख आहेत, जमेल का?

कळव्याचा_पोरगा
नमस्कार मंडळी. वय २९, कळव्याला आईबाबांसोबत राहतो त्यामुळे राहायच्या घराचं टेन्शन नाही. माझा पगार हातात ८२ हजार, बायकोचा ३४. दोघांनी मिळून १२ लाख साठवलेत. घणसोलीला सेक्टरमध्ये, सिडकोच्या प्लॉटवरच्या सोसायटीत एक वनबीएचके बघितलाय, रिसेल, मालक ६० म्हणतोय. २० टक्के म्हणजे बरोब्बर १२ लाख, बसतंय की! एजंट म्हणतो ऐरोली-रबाळेची आयटीवाली पोरं रांग लावतात, २० हजार भाडं कुठे गेलं नाही. आता दोन गोष्टी अडल्यात. मालक म्हणतो ॲग्रीमेंट ५२ चं करू, वरचे ८ हातात द्या, तुमची स्टँप ड्यूटीपण वाचेल. आणि मामा म्हणतो कमी पडलेच तर पर्सनल लोन घे, भाड्यातून फिटून जाईल. तुम्ही काय केलं असतं?

फाइलवाला
भावा मी होम लोनच्या फायलीच हलवतो दिवसभर, त्यामुळे स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. ३० ते ७५ लाखाच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि त्या किमतीत स्टँप ड्यूटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत, ते सगळं तुझ्या खिशातून. नवी मुंबईत ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, एजंटचा १ टक्का धर ६० हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजारांपर्यंत. झाले की नाही साडेसतराच्या आसपास? सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस अजून धरलेच नाहीत, जमीन लीजवर असते ना, ते भरल्याशिवाय आणि सिडकोची एनओसी आल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

कॅशचं तर विसरच. बँक ५२ च्या ॲग्रीमेंटवर ८० टक्के देणार, म्हणजे ४१ लाख ६०. तुझे १० लाख ४० आणि वर ते ८, आधी १२ लागत होते तिथे आता १८ लाख ४०, आणि ड्यूटी वाचली किती तर ५६ हजार. शिवाय उद्या विकायला काढलास की तुझी खरेदी ५२ चीच धरणार, तेव्हाचा टॅक्स तूच भर. मालकाचं काय जातंय.

पर्सनल लोन ६ लाख, ५ वर्षं, १३ टक्के धरलं तरी महिना साडेतेरा हजार. होम लोन ४८ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, त्याचा हप्ता ४१ हजार ६००. दोन्ही मिळून ५५ च्या वर. तुझ्या ८२ वर हे बघून कुठलाही क्रेडिट मॅनेजर होम लोनच कापेल. आणि आधी होम लोन घेऊन मग गुपचूप पर्सनल लोन काढू असं मामा म्हणत असतील तर पहिले दोन महिने कसे जातात ते फक्त बघ.

सानपाडा_लोकल
बायकोचं नाव जॉइंटमध्ये टाक ना, लेडीजला स्टँप ड्यूटी १ टक्का कमी आहे, ६० हजार वाचले!

फाइलवाला
@सानपाडा_लोकल जॉइंटला नाही मिळत, फक्त बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तरच. तसं करून हा लोनला को-ॲप्लिकंट (सोबतचा अर्जदार) राहू शकतो, पण मग व्याजाची टॅक्स सूट याला नाही, कारण मालक हा नाही. आणि कुठली टॅक्स रिजीम आहे रे तुझी? नवीन असेल तर भाड्यातून व्याज वजा होतं पण उरलेला लॉस पगारातून वजा होत नाही. जुन्या रिजीममध्ये वर्षाला २ लाखांपर्यंत होतो. तुझं पहिल्या वर्षीचं व्याजच ४ लाखाच्या आसपास असणार, बघ हिशोब. आणि ५० लाखाच्या वरचा व्यवहार म्हणजे मालकाच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापून तो भरायची जबाबदारी तुझी, हे एजंट सांगत नाहीत.

नेरूळची_काकू
बाळा हे हिशोब बरोबर आहेत पण कागदावर वर्ष १२ महिन्यांचं असतं. आमचा खारघरला वनबीएचके आहे, १६ हजार भाडं होतं. पहिला मुलगा मे महिन्यात सोडून गेला, दुसरा मिळेपर्यंत पावणेतीन महिने फ्लॅट रिकामा, हप्ता मात्र ५ तारखेला कापला जायचाच. नवीन भाडेकरू आला तर तिसऱ्या आठवड्यात त्याने व्हिडिओ पाठवला, बेडरूमच्या भिंतीला पोपडे आणि खाली बादली ठेवलेली, टप टप आवाजासकट. सोसायटीवाले म्हणाले गच्चीचं वॉटरप्रूफिंग एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत घेऊ. घेतलंच नाही. आतून आम्हीच करून घेतलं, ३८ हजार गेले. तेव्हा सहा हप्ते वेगळे बाजूला असल्याशिवाय घेऊ नकोस.

आणखी एक, भाडेकरार नोटरीवर भागवू नकोस, आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. पोलिसांना कळवणंही. सोसायटी भाडेकरू आहे म्हणून जास्तीचं मेंटेनन्स मागते, त्याला १० टक्क्यांची मर्यादा आहे, तीही पूर्ण मेंटेनन्सवर नाही, त्यातल्या सर्व्हिस चार्जेसवर (वॉचमन, साफसफाई, कॉमन लाइट असला खर्च). मी दोन वर्षं दुप्पट भरले.

कळव्याचा_पोरगा
बापरे. म्हणजे २० हजार भाडं धरलं तरी मला महिना साडेएकवीस हजार वर घालायचे, मेंटेनन्स वेगळंच, आणि मी डोक्यात धरून चाललो होतो की फ्लॅट स्वतःच स्वतःचं लोन फेडेल. नवीन रिजीममध्येच आहे मी. मामाला हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणतो ही सगळी भित्री माणसं आहेत 😅

एजंटने आजच गावठाणातला एक दाखवलाय, ३२ लाखाला, तो कसा राहील?

फाइलवाला
ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आहे का विचार. गावठाणातल्या बऱ्याच बिल्डिंगींना नसते, आणि ओसी नाही तर बँक नाही. ३२ पूर्ण खिशातून आणणार आहेस का? त्यापेक्षा वर्ष-दीड वर्ष थांब, बायकोच्या पगारातले २० हजार नियमित टाक आणि मग ४५-४८ च्या आतलं बघ, तेही पूर्ण ॲग्रीमेंटचं. नंतर हाताशी पैसे आले की फ्लोटिंग (व्याजदर बदलत राहणाऱ्या) लोनमध्ये वरचे कधीही भर, दंड लागत नाही.

नेरूळची_काकू
तो ६० वाला कितव्या मजल्यावर आहे?

कळव्याचा_पोरगा
सातव्या काकू, सातच मजले आहेत. वर गच्ची.

नेरूळची_काकू
मग जुलैत जाऊन बघ. संध्याकाळी, लाइट लावून. बेडरूमचं कपाट पुढे ओढायला सांग.