दहावीला ९१ टक्के, अकरावी सायन्सला काहीच कळत नाहीये

नमस्कार, मी लातूरला अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत गावच्या शाळेत पूर्ण मराठी मिडियम. ९१ टक्के पडले, शाळेत पहिली आले, पप्पांनी गावभर पेढे वाटले. इथं मात्र वर्गात एवढी पोरं की मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही, सर इंग्लिशमधून भराभर पुढं जातात, मी नुसतं उतरवून घेते. परवा फिजिक्सला अ‍ॅक्सिलरेशनची गणितं चालली होती, एकही आलं नाही आणि रात्री रूमवर कळलं की हे तर आपलं त्वरण, नववीला पहिल्याच धड्यातली ही गणितं मी फळ्यावर सोडवून दाखवली होती. लई रडले. युनिट टेस्टला २५ पैकी ७. पप्पांचा रोज संध्याकाळी फोन येतो, मी म्हणते छान चाललंय. आर्ट्सला जाऊ का?

उत्तर १ (एमबीबीएस, दुसरं वर्ष)
अगं, गणित तुला येत होतंच की, फक्त नाव ओळखू आलं नाही. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे आपली तंतुकणिका हे कळायला मला पंधरा दिवस लागले होते. ई-बालभारतीच्या साइटवर नववी-दहावीच्या विज्ञानाची इंग्लिश मिडियमची पुस्तकं फुकट आहेत, पीडीएफ. धडे तेच, आकृत्या त्याच. आपलं मराठी पुस्तक शेजारी उघडायचं आणि एकेक परिच्छेद दोन्हीकडे वाचायचा, वहीत दोन रकाने करायचे, संवेग मोमेंटम, अपवर्तन रिफ्रॅक्शन, संयुजा व्हॅलन्सी असं. रोज दोन पानं बास. मी दिवाळीनंतर कुठं तासाला मान वर करून ऐकायला लागले. नीटचा पेपर मराठीतून घेता येतो, शेजारी इंग्लिशही छापलेलं असतं, पण पुढं कॉलेजची पुस्तकं इंग्लिशच आहेत म्हणून शब्द आत्ताच करून टाक.

उत्तर २
मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो, स्वतः झेडपी शाळेतला. शंका प्रॅक्टिकलला विचार, बॅच लहान असते, सरांना वेळ असतो, आणि बिनधास्त मराठीत विचार. अकरावीचे मार्क बारावीच्या निकालात धरत नाहीत, त्यामुळं या ७ मार्कांपायी साइड बदलू नकोस. आर्ट्सची आवड असेल तर खुशाल जा, ते वेगळं.

उत्तर ३
माझी पण मुलगी बाहेरगावी शिकते. पप्पांना खरं सांग बाळा. आम्हाला आवाजावरून कळतं, विचारायचा धीर होत नाही.

प्रश्न विचारणारी
ताई, सर, काका, थँक्यू. काल पप्पांना सांगितलं, जरा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले नववीची पुस्तकं माळ्यावर आहेत, रविवारी घेऊन येतो. पीडीएफ डाउनलोड केल्यात. ताई अजून एक, स्पेलिंग वाचलं की शब्द कळतो पण सर बोलतात तेव्हा ओळखूच येत नाही, त्याचं काय करू?

उत्तर १
तिसरा रकाना कर, सर जसं म्हणतात तसंच देवनागरीत लिही, आणि लिहिताना मोठ्यानं म्हण.