पाणी झाडांत चढलेलं असताना कार्प माशावर गळ टाकावा का?

राइनकाठी
मेच्या शेवटच्या आठवड्यात फ्रान्समधल्या लाक द्यू देर या तळ्यावर जाऊन आलो. रात्रीच्या मासेमारीला परवानगी असलेल्या पट्ट्यात तंबू, सहा दिवस मुक्काम. तळं काठोकाठ भरलेलं. मागच्या ऑक्टोबरात मी जिथे खुर्ची टाकून बसलो होतो, तिथे आता छातीभर पाणी. वाळुंजीची झाडं निम्मी बुडालेली, आणि मासे सगळे त्या झाडांत. पहाटे बुडालेल्या गवतात अशी खळबळ, की म्हशी डुंबताहेत असं वाटावं.

दोन दिवस मीही झाडांच्या कडेलाच गळ टाकला. चार मासे लागले. दोन हाती आले, दोन झाडांत घुसले आणि लाइन तोडून गेले. हाती आलेल्यांत एक मादी होती, चौदा किलोची. मॅटवर ठेवली तर अंगाखाली अंडी पसरली. तिला लगेच सोडली. उरलेले चार दिवस मोकळ्या खोल पाण्यात गळ टाकून बसलो, एकही मासा लागला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पाणी झाडांत आणि गवतात चढलं असेल आणि मासा तिथे अंडी घालायला आला असेल, तर तिथे गळ टाकू नये. सहल फुकट गेली तरी चालेल.

टेम्सवाला
अजिबात पटलं नाही. पहिली गोष्ट, हा पूर नव्हे. देर बांधलाच आहे मार्न नदीचं हिवाळ्यातलं पाणी साठवायला. १९७४ मध्ये भरला, पसारा ४,८०० हेक्टर, साठा ३५ कोटी घनमीटर. नोव्हेंबरपासून भरत जातो, जूनमध्ये काठोकाठ होतो, जुलैपासून पाणी सोडतात म्हणजे उन्हाळ्यात पॅरिसला सीन नदी आटत नाही. म्हणजे दर वर्षी मे-जूनमध्ये झाडं पाण्यात असणारच. तुमचं ऐकायचं तर हे दोन महिने कोणी जायचंच नाही.

आम्हाला वर्षातून एकदा सुट्टी मिळते. फेरीचं तिकीट, परवाना, सगळं चार महिने आधी काढलेलं असतं. आणि एवढ्या मोठ्या तळ्यात सगळे मासे एकाच दिवशी अंडी घालत नाहीत. बाकीचे त्याच नव्या पाण्यात गांडुळं आणि किडे खात फिरत असतात. जाड लाइन घ्या, लाइनीला बांधलेलं शिशाचं वजन अडकलं की सुटून पडेल अशी क्लिप लावा, रॉडपाशी बसून राहा, होडी तयार ठेवा. हे जमत नसेल तर झाडांपाशी जाऊ नका, पण जमतं त्याला कशाला अडवता?

आंबा नदी
मी रायगडातला. कार्पचं मला फारसं कळत नाही, पण ही पहाटेची खळबळ वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे याला वलगण म्हणतात. पहिला जोराचा पाऊस पडला की मासे ओढ्यातून भातखाचरांत चढतात. लहानपणी आजोबांबरोबर कंदील घेऊन जायचो, गुडघाभर पाण्यात गाभोळीने फुगलेले मासे हाताने धरता यायचे. घरी रात्री दोन वाजता चूल पेटायची. त्या रात्रींइतका आनंद मला पुढे क्वचितच मिळाला. पण त्याच ओढ्यात आज वलगणीला बोटाएवढे मासे येतात. कारणं पुष्कळ असतील, बांध झाले, शेतात औषधं आली. पण आम्ही पोटुशी मादी धरत होतो हेही त्यातलं एक आहे. राइनकाठी, तुमचं बरोबर आहे.

मत्स्यबीज
मत्स्यबीज केंद्रावर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून एक फरक सांगतो. रोहू, कटला, मृगळ यांना वाहतं पुराचं पाणी लागतं, साठलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत. म्हणून तर आपण त्यांना अंडी घालण्यासाठी हार्मोनचं इंजेक्शन देतो. कार्प, म्हणजे आपला सायप्रिनस, वेगळा. पाणी १८-२० अंशांवर गेलं आणि पाणवनस्पती मिळाली की उभ्या पाण्यातही काम होतं. आम्ही हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, हायड्रिला ही पाणवनस्पती टाकायचो, सकाळी प्रत्येक काडीला अंडी चिकटलेली असायची. किलोमागे लाखभर अंडी, त्यामुळे एक मादी उचलली म्हणून देरमधले कार्प संपणार नाहीत. खरा घात होतो तो अंडी घातल्यावर लगेच पाणी उतरलं तर. गवतावरची अंडी उन्हात वाळून जातात, आणि ते गळवाल्याच्या हातात नसतं.

वलगणीची तुलना म्हणून इथे पुरती लागू होत नाही. तिथे मासा खाल्ला जात होता, इथे सोडतात.

राइनकाठी
संख्येचा मुद्दा मान्य, मी तो मांडलाच नव्हता. माझा मुद्दा त्या दोन तुटलेल्या लाइनींचा आहे. देरचा तळ खुंटांनी भरलेला आहे, तळं भरण्याआधी तोडलेल्या जंगलाचे खुंट. तोंडात गळ आणि मागे दहा-वीस मीटर लाइन घेऊन मासा त्यात शिरला तर तो तिथेच अडकून मरतो. हा मासा वीस-तीस वर्षं सहज जगतो. ६० सेंटिमीटरवरचा कार्प जिवंत वाहून नेण्यावर फ्रान्समध्ये कायद्याने बंदी आहे, इतकी त्याची किंमत तिथे ओळखली जाते. टेम्सवाला, क्लिप मीही लावली होती. शिसं पडलं, तरी लाइन फांदीवर घासून तुटलीच.

टेम्सवाला
हे वाचून थांबलो. माझ्याही अशा लाइनी गेल्यात, खोटं कशाला बोलू.

पण खरा पूर काय असतो ते २०१६च्या जूनमध्ये पाहिलं. सीनच्या खोऱ्यात एक खाजगी तळं ठरवलं होतं. वरची मोठी धरणं वर्षाच्या त्या सुमारास भरलेलीच असतात, त्यात मेअखेरीचा पाऊस. पॅरिसमध्ये सीन ६.१० मीटरवर गेली. आमचं तळं आणि नदी एकच झाली होती. मालकाने पैसे परत दिले नाहीत, ते सोडा. पाणी उतरल्यावर शेतातल्या डबक्यांत मासे अडकलेले दिसले. तिथे गळ टाकणं पाप आहे, तिथे जाळं घेऊन मासे उचलून नदीत सोडावेत. आम्ही दोघांनी एक दुपार तेवढंच केलं.

देरला मात्र मी मे महिन्यात जाणारच. झाडांपासून तीस-चाळीस मीटर अलीकडे चारा टाकीन, मासा बाहेर आला तर आला.

राइनकाठी
तेवढं केलंत तरी माझं भांडण उरत नाही, पण तुमचे हात शिवशिवतील हे सांगून ठेवतो. माझे शिवशिवले होते.

मी आता ऑक्टोबरअखेरीस जातोय. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, गाळाच्या पट्ट्यांवर क्रौंच यायला लागतात, आणि त्या वाळुंजींपर्यंत बुटांनी चालत जाता येतं. माझ्या दोन लाइनी तिथेच कुठेतरी असतील. आधी त्या काढणार, मग रॉड उघडणार.