मदत हवी आहे: मशीन गिऱ्हाइकाकडे ईएलसीबी पाडतं, माझ्या गाळ्यात मात्र गपगुमान चालतं

मंडळी, जरा तुमचं डोकं चालवा, माझं बंद पडलंय. मी लालबाग-परळ-शिवडी पट्ट्यात वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, मिक्सर रिपेरिंगची कामं करतो, पंधरा वर्षं झाली, म्हणजे नवशिका नाही, पण या एका मशीनने तीन आठवडे घाम काढलाय.

गिऱ्हाईक म्हणजे एक काका, घरात आजी आणि सूनबाई. आधी चाळीत राहायचे, रिडेव्हलपमेंट झाली आणि आता त्याच जागी टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर. सात किलोचं फ्रंट लोड चाळीतूनच आणलंय. थंड पाण्यावर धुतलं तर काही नाही. चाळीस डिग्रीचा प्रोग्रॅम लावला की पाणी भरतं, ड्रम दोन-चार वेळा फिरतो, हिटर सुरू होतो आणि फट्! अख्ख्या घराची लाइट जाते. एमसीबी (लोड जास्त झाला की पडतो तो) नाही पडत, ईएलसीबी (करंट अर्थला लीक झाला की लाइट तोडतो तो) पडतो, तीस मिलिअँपिअरवाला. संध्याकाळी जास्त होतं असं सूनबाईंचं म्हणणं.

आता हिटर आल्यावर ट्रिप म्हटल्यावर कोणीही हिटरच धरणार, मीही धरला. मीटरवर सत्तावीस ओम दाखवला, म्हणजे बरोबर होता, पण साध्या मल्टिमीटरने लीकेज कळत नाही हे तुम्हाला सांगायला नको, तो दोन-चार व्होल्टवर मोजतो आणि हिटरला मिळतात २३०. मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन लीकेज तपासायचा मीटर, त्या दिवशी बॅगेत नव्हता (ही चूक माझी) आणि काकांना घाई, म्हणून सरळ नवीन हिटर टाकला. पार्ट आणि मजुरी मिळून अडीच हजार घेतले. दुसऱ्या दिवशी फोन, परत गेली लाइट.

मग मशीन टेम्पोत घालून गाळ्यावर आणलं. मोटर, पंप, इनलेट व्हॉल्व्ह, डोअर लॉक, वायरिंग सगळं एकेक सुटं करून पाचशे व्होल्टच्या मेगरने तपासलं, कुठेच लीक नाही. उंदराने कातरलेलं नाही, पीसीबीवर (आतल्या सर्किट बोर्डवर) पाणी नाही, झुरळं होती पण ती कुठल्या मशीनमध्ये नसतात. साठ डिग्रीवर चार वेळा चालवलं, काही नाही. पण माझ्या गाळ्यात ईएलसीबीच नाहीये, नुसता एमसीबी आहे, तेव्हा त्या चालण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

परत नेऊन लावलं, पहिल्याच प्रोग्रॅमला ट्रिप. हॉलच्या पॉइंटवर लावून बघितलं, तिथेही ट्रिप. लोहार चाळीतून नवीन ईएलसीबी आणून टाकला, तोही पडतो.

अजून एक गोष्ट, त्याचा संबंध आहे की नाही कळत नाही. घरातल्या आजी म्हणाल्या, चाळीत या मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या म्हणून मी नेहमी लाकडी पाटावर उभी राहून कपडे काढायचे. तो पाट अजून मशीनसमोर आहे, सवयीने त्यावर चढूनच कपडे काढतात. काका त्याच पाटाकडे बोट दाखवून म्हणतात बघा, मशीन पहिल्यापासून लीकच आहे, तुम्हाला सापडत नाहीये.

बिल्डरचा वायरमन येऊन सांगून गेला की ईएलसीबी बायपास करून टाकू, कटकट नको. मी त्याला साफ नाही म्हटलं. ओल्या हाताने मशीन उघडणारी म्हातारी बाई आहे घरात. पण आता काका म्हणतात एक तर दुरुस्त करा नाहीतर पैसे परत द्या, आणि त्यांचंही चूक नाही. काय राहिलंय तपासायचं?

प्रतिसाद, भांडुपकर:
दादा हिटर परत बघा. नवा हिटरसुद्धा खराब निघतो, आतली पावडर दमट झाली की लीक मारतो, पावसाळ्यात तर हमखास. माझ्याकडे एकदा दोन नवे हिटर लागोपाठ तसे निघाले होते. खार चढलाय का?

धागाकर्ता:
नवीन हिटर मेगरवर ओके आहे, गरम करून लगेच पण घेतलं रीडिंग, तरी ओके. खार म्हणाल तर जुना हिटरही स्वच्छ निघाला. आमच्याकडे बीएमसीचं पाणी, भातसा-वैतरणाचं, त्याने खार फार चढत नाही. टँकर आणि बोअरवाल्या सोसायटीत हिटर बाहेर काढला की चुन्यात बुडवून काढल्यासारखा असतो, तसं इथे काही नाही.

प्रतिसाद, रिटायर्ड वायरमन:
पाट आणि मुंग्या विसरा. चाळीत अर्थिंग नसणार. मशीनच्या आत नॉइज फिल्टर असतो, त्याचे दोन छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर चांगल्या मशीनच्या बॉडीलासुद्धा टेस्टर पेटतो आणि मुंग्या येतात. म्हणजे तिथे अर्थिंग नव्हतं एवढंच त्यावरून कळतं, मशीन खराब आहे असं नाही.

आता दोन कामं करा. एक, शेजारच्या फ्लॅटमधून जाड वायरचं सोळा अँपिअरवालं एक्स्टेंशन ओढून मशीन तिकडच्या ईएलसीबीवर चालवा. दोन, मशीनचा प्लग काढून ठेवा आणि इस्त्री अन मायक्रोवेव्ह एकदम चालू करा. घरात गीझर कुठला आहे? इलेक्ट्रिक असता तर त्यानेही ट्रिप व्हायला हवं होतं, माझा संशय वेगळाच आहे.

धागाकर्ता:
गीझर पाइप गॅसवरचा आहे, एसी अजून बसवलेला नाही. म्हणजे त्या घरात दोन हजार वॅटची वस्तू हे मशीनच एकटं! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या जातो.

धागाकर्ता, दोन दिवसांनी:
वायरमन काका, पायावर डोकं ठेवतो. शेजाऱ्यांकडे चाळीस डिग्रीचा अख्खा प्रोग्रॅम झाला, ट्रिप नाही. मग आपल्या घरी मशीनचा प्लग काढला, इस्त्री लावली, काही नाही, इस्त्री चालू ठेवून मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा ग्लास ठेवून लावला आणि फट्. सूनबाई म्हणाल्या अय्या हो, गणपतीत पाहुणे होते तेव्हा असं एकदा झालं होतं. हे तीन आठवडे आधी सांगितलं असतं तर! पण मीच विचारलं नव्हतं.

मित्राकडून लीकेजचा क्लॅम्प मीटर आणला. मशीनच्या फेज-न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पमध्ये घेतल्या (जाणारा-येणारा करंट वजा होऊन उरतो तो लीक), एक-दीड मिलिअँपिअर, म्हणजे काहीच नाही. मग तसंच मेनवर घेतलं. सगळं बंद असताना दोनच्या आसपास, नुसती इस्त्री लावली की पंधरा, इस्त्री बंद केली की परत दोन. इस्त्रीचं स्वतःचं लीकेज शून्य. म्हणजे हजार वॅटला साधारण तेरा वाढतात, तर दोन हजारला सव्वीस आणि आधीचे दोन, तीसच्या ईएलसीबीला एवढं पुरतं, तो पंधराच्या पुढे कधीही पडू शकतो.

प्रतिसाद, रिटायर्ड वायरमन:
झालं मग. न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागलाय. लोड वाढला की न्यूट्रलमधला थोडा करंट परत यायच्या वाटेने न येता अर्थमधून पळतो आणि ईएलसीबीला दोन्हीकडचा हिशोब जुळत नाही. वस्तू कुठलीही असो, फक्त लोड मोठा हवा. संध्याकाळी बिल्डिंगचा लोड वाढला की न्यूट्रलला व्होल्टेज चढतं, म्हणून तेव्हा जास्त. सगळे प्लग काढा, मेन बंद करा, डीबीतले (मेन स्विचच्या बॉक्समधले) न्यूट्रल एकेक सोडवून अर्थशी मेगर करा. आणि किचनमध्ये ट्रॉल्या-कपाटं कधी लावली ते विचारा.

प्रतिसाद, एक गृहिणी:
मला यातलं निम्मं कळलं नाही पण जुना हिटर चांगला होता ना मग? त्या काकांना सांगणार आहात की नाही? आमच्याकडे मिक्सरवाला कपलर गेलं म्हणून मोटर बदलून गेला होता, नंतर कळलं तेव्हा इतका राग आला होता.

धागाकर्ता, आज:
सापडलं. बाकी सगळ्या सर्किटला शंभर मेगाओमच्या वर, म्हणजे लीक नाही, पण किचनच्या न्यूट्रलला मेगरचा काटा शून्यावरच बसला, मल्टिमीटरवर नव्वद-शंभर ओम. वरची कपाटं ताबा मिळाल्यावर बसवलेली. बोर्डाच्या बरोबर वरचं कपाट काढायला लावलं, सुतार कुरकुरत होता, भिंतीतून तीन इंची स्क्रू बाहेर आला आणि त्याच्या टोकाला काळ्या वायरीचं साल चिकटलेलं, हिरवी वायरपण सोललेली, भिंत तिथे दमट. दोन्ही वायरी नवीन ओढल्या, स्क्रूची जागा बदलली. आता साठ डिग्रीवर मशीन, सोबत इस्त्री, मेनवर चार मिलिअँपिअर.

ताई, हो, सांगितलं. जुना हिटर बॅगेतच होता, गिऱ्हाइकासमोर मेगर लावून दाखवला की हा चांगला होता, बदलायची गरज नव्हती, चूक माझी. काका बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले हिटरचे पैसे परत द्या, मजुरी ठेवा, आणि नवीन काढू नका, आता परत मशीन उघडायला नको. जुना मी घेऊन आलो. आजींनी चहा दिला आणि विचारलं, बाळा, आता पाट उचलू का? म्हटलं उचला, आता इथे अर्थिंग आहे, तुम्हीच घसरून पडाल त्यावरून.

शेवटची मदत, कुणाकडे लीकेजचा क्लॅम्प मीटर वापरलेला पण चालू स्थितीतला विकायचा असेल तर सांगा, मित्राचा उद्या परत करायचाय. लॅमिंग्टन रोडला नवीन बघितला, किंमत ऐकून नुसताच हातात धरून आलो.