टोपिरामेट सुरू केल्यापासून हाताला मुंग्या येतात, बोलताना शब्द अडतो. गोळी चालू ठेवावी का?

प्रश्न : शिक्षिका, खानापूर तालुका

नमस्कार. मी एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. अर्धशिशीचा त्रास कॉलेजपासूनच आहे, परंतु गेल्या वर्षभरात तो इतका वाढला की वर्ग दुसऱ्या बाईंच्या हवाली करून अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची वेळ वारंवार येऊ लागली. बेळगावच्या न्यूरॉलॉजिस्टनी झटके कमी व्हावेत म्हणून टोपिरामेट दिले आहे. सुरुवात रात्री २५ मिलिग्रॅमने झाली, दर आठवड्याला २५ वाढवत आता सकाळी ५० आणि रात्री ५० चालू आहे. झटका आलाच तर घ्यायला रिझाट्रिप्टन वेगळे दिले आहे.

झटके निश्चितच कमी झाले आहेत. पण बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती सतत मुंग्या येतात. खडे बाजारात लिंबू सोडा घेतला तर तो साध्या पाण्यासारखा सपक लागला. सर्वांत काळजीची बाब म्हणजे बोलता बोलता नेमका शब्द सापडत नाही. परवा फळ्यावर बेरीज मांडली आणि 'हातचा' हा शब्दच आठवेना. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने तो सांगितला. डॉक्टरांची पुढची वेळ लांब आहे आणि घरचे म्हणतात की गोळी आजच बंद कर. ज्यांनी हे औषध घेतले आहे किंवा ज्यांना त्याची माहिती आहे त्यांनी कृपया सांगावे की यातले काय अपेक्षित आहे आणि कशासाठी थांबू नये.

उत्तर : फार्मासिस्ट, बेळगाव

ताई, आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे या औषधाची ओळखीची लक्षणे आहेत. टोपिरामेट मुळात अपस्माराचे औषध. अमेरिकेत २००४ मध्ये त्याला मायग्रेनच्या प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. ते शरीरातील कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाच्या एन्झाइमला अडवते. मुंग्यांचा संबंध त्याच्याशी जोडला जातो, आणि सोड्यातील वायूची चव जिभेला कळण्यासाठीही हेच एन्झाइम लागत असल्याने सोडा सपक लागतो. मायग्रेनसाठी झालेल्या चाचण्यांत रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांना मुंग्या आल्या होत्या. त्या त्रासदायक असल्या तरी सहसा धोकादायक नसतात आणि पुष्कळांच्या बाबतीत काही आठवड्यांनी कमी होतात.

शब्द न सापडण्याचे मात्र मी इतके हलके घेणार नाही. हा परिणाम मात्रेवर अवलंबून असतो आणि मात्रा भराभर वाढवली की अधिक जाणवतो. ज्यांचे कामच बोलण्याचे आहे त्यांच्यासाठी 'सवय होईल' हे उत्तर पुरेसे नाही. डॉक्टर मात्रा ७५ किंवा ५० वर आणून पाहू शकतात, वाढ अधिक सावकाश करू शकतात किंवा औषधच बदलू शकतात. त्यासाठी पुढच्या वेळेची वाट पाहण्याची गरज नाही, ओपीडीला फोन करून आजच विचारावे. मात्र गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. ज्यांना फिट्सचा त्रास आहे त्यांच्यात अचानक बंद केल्याने झटके उसळू शकतात, आणि मायग्रेनसाठी घेणाऱ्यांचीही मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.

आता ज्यासाठी थांबू नये ते. डोळा अचानक दुखू लागला, लाल झाला किंवा दूरचे एकाएकी धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे किंवा मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जावे आणि 'मी टोपिरामेट घेते' हे सर्वांत आधी सांगावे. हा परिणाम दुर्मीळ आहे आणि बहुधा पहिल्या महिनाभरात दिसतो. यात डोळ्याच्या आतील भागाला सूज येऊन दाब वाढतो, आणि काचबिंदूच्या इतर प्रकारांत उपयोगी पडणारे काही उपाय येथे चालत नाहीत. औषध थांबवणे हाच मुख्य उपचार असतो. म्हणून डॉक्टरांना गोळीचे नाव कळणे इतके महत्त्वाचे आहे. मायग्रेनच्या रुग्णाला डोळ्यामागे दुखण्याची सवय असते आणि तो हेही दुखणे त्यातलेच समजून पडून राहतो, ही मला सर्वांत मोठी भीती वाटते.

त्याचप्रमाणे मन सतत उदास राहणे, विनाकारण चिडचिड होणे, जगणे नकोसे वाटणे यांपैकी काही जाणवले तर घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सांगावे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. श्वास जलद होणे, कमालीचा थकवा आणि अन्नावरची वासना पूर्ण जाणे हे एकत्र आले तर रक्तातील आम्ल वाढल्याची शक्यता असते. त्यासाठी बायकार्बोनेटची साधी रक्ततपासणी पुरते.

उत्तर : शेतकरी, अथणी

मी हे औषध बराच काळ घेतले आणि मला त्याचा फायदा झाला. आमच्याकडच्या उन्हाचा मुद्दा येथे कोणी मांडलेला नाही म्हणून लिहितो. या गोळीने काहींना घाम कमी येतो. एप्रिल-मे महिन्यात उसाला पाणी पाजताना अंग तापलेले आणि कपाळ मात्र कोरडे, असे माझे व्हायचे. डॉक्टरांनी तेव्हा दुपारचे शेतातले काम बंद करायला सांगितले. लहान मुलांमध्ये हा परिणाम अधिक दिसतो, त्यामुळे ज्यांच्या घरी मुलाला ही गोळी चालू आहे त्यांनी उन्हाळ्यात विशेष लक्ष ठेवावे.

दुसरे म्हणजे मुतखडा. शंभरात एक-दोन जणांना तो होतो, आणि ज्यांना आधी होऊन गेला आहे त्यांनी ते डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगायला हवे. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे. एकादशीला निर्जळी उपवास करणाऱ्यांनी या औषधावर असताना तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. फराळ सोडला तरी पाणी सोडू नये.

उत्तर : गृहिणी, निपाणी

औषध बदलण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नमूद करते. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत काम केले आणि त्यांना दमा आहे. त्यांच्या अर्धशिशीसाठी प्रोप्रानोलॉलचा विचार झाला होता, पण त्या पंप वापरतात हे कळताच डॉक्टरांनी ते रद्द केले, कारण त्या गोळीने श्वासनलिका आवळू शकते. नंतर फ्लुनारिझिन ५ मिलिग्रॅम रात्रीचे दिले. त्यावर झोप फार आणि वजनही वाढले. डॉक्टरांनी आम्हाला बजावले होते की हाताला कंप, चालण्यात मंदपणा किंवा उदासी दिसली तर लगेच घेऊन या, कारण वयस्कर माणसांत हे औषध पार्किन्सनसारखी लक्षणे आणू शकते. प्रत्येक औषधाचा त्रास वेगळा असतो; आपल्या शरीरात आधीपासून काय आहे ते सगळे सांगितल्याशिवाय डॉक्टरांना निवड करता येत नाही.

प्रश्नकर्ती, खानापूर तालुका

सर्वांची मनापासून आभारी आहे. ओपीडीला फोन केला, सोमवारी बोलावले आहे. दोन शंका आणखी आहेत. आम्ही पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाचा विचार करत आहोत. याचा या गोळीशी काही संबंध आहे का? आणि रिझाट्रिप्टनचेही काही दुष्परिणाम असतात का?

उत्तर : फार्मासिस्ट, बेळगाव

ताई, आपली पहिली शंका या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची आहे आणि सोमवारी खोलीत शिरताच तीच विचारावी. गर्भारपणात टोपिरामेट घेतल्यास बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याचा आणि बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये आणि ब्रिटनने २०२४ मध्ये यावरचे नियम कडक केले. मायग्रेनसाठी हे औषध गर्भवतींना देऊ नये आणि मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांनी ते घेताना परिणामकारक गर्भनिरोधन वापरावे, असे तेथे ठरले. शेवटच्या गोळीनंतरही निदान चार आठवडे ते चालू ठेवायला ब्रिटनमध्ये सांगतात. टोपिरामेटमुळे काही गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून आपण कोणते साधन वापरता तेही सांगावे. पर्याय म्हणून कोणी सोडियम व्हॅल्प्रोएट सुचवले तर मुलाचा विचार पुन्हा स्पष्ट शब्दांत सांगावा, कारण गर्भासाठी ते औषध याहूनही घातक आहे. दिवस राहिले असण्याची थोडीही शंका असेल तर सोमवारपर्यंतही थांबू नका, आजच डॉक्टरांशी बोला.

रिझाट्रिप्टनने झोप, चक्कर, मान किंवा छातीत आवळल्यासारखे वाटणे असे होते. बहुतेकांत ते थोड्या वेळात ओसरते, परंतु हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टन गटातील औषधे घेता येत नाहीत. छातीतले दुखणे टिकून राहिले किंवा हाता-जबड्याकडे सरकले तर सरळ दवाखाना गाठावा. अर्गोटामिन असलेली जुनी गोळी घरात असेल तर ती आणि ट्रिप्टन २४ तासांच्या आत एकापाठोपाठ घेऊ नये. प्रोप्रानोलॉल सुरू झाले तर रिझाट्रिप्टनचे रक्तातील प्रमाण वाढते आणि त्याची मात्रा कमी करावी लागते, हेही लक्षात असू द्या. महिन्यात दहा किंवा अधिक दिवस ट्रिप्टन लागू लागले आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालले, तर गोळीमुळेच डोकेदुखी जडते. म्हणून कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या तारखेला खूण करत जावी.

सोमवारी जाताना दोन्ही गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. काउंटरवर बोलणे कन्नडमध्ये होईल आणि चिठ्ठी इंग्रजीत असेल, पण पट्टीवरचे नाव आणि मात्रा पाहिल्यावर घोटाळा होत नाही. शब्द केव्हा अडला, कोणत्या तासाला, त्या दिवशी झोप किती झाली होती, हे मराठीतच चार ओळींत लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. दुष्परिणामाची नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते. भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि रुग्णांसाठीचा नोंदणी अर्ज मराठीतही मिळतो, कन्नडमध्येही. बोलण्यावर झालेला परिणाम तेथे अवश्य कळवावा.