फ्लेक्सिबल ऑरगॅनिक सोलर सेल: वाकवल्यावर पेडॉटसकट सिल्व्हर सुटतं, पकड कशी वाढवायची?

पातळथर

इन्व्हर्टेड रचना आहे, खालून वर: १२५ मायक्रॉन पीईटी (प्लास्टिक फिल्म), आयटीओ (पारदर्शक वाहक थर), झिंक ऑक्साइड, पी३एचटी:पीसीबीएम (प्रकाशातून वीज करणारा अ‍ॅक्टिव्ह थर), पेडॉट:पीएसएस (वाहक पॉलिमर, पुढे नुसतं पेडॉट) आणि वर स्क्रीन-प्रिंट केलेलं सिल्व्हर. सेल ५ मिमी त्रिज्येच्या दांड्यावर वाकवला की कडेपासून वरचे थर सुटायला लागतात. क्रॉसहॅच टेप टेस्टला (१ मिमी अंतराचे ११ छेद) बहुतेक चौकोन टेपवरच येतात, म्हणजे थेट ०बी, सगळ्यात वाईट श्रेणी. सिल्व्हरची शाई बदलली तरी फरक नाही. अनीलिंग (थर तापवणं) पेडॉट घालण्याआधी, १४० अंशांवर १० मिनिटं. नेमकं कुठे सुटतंय हे कसं ओळखायचं, आणि टेप टेस्टऐवजी आकडा देणारी कोणती चाचणी घ्यावी?

तडा_मोजणारा

आधी तुटलेल्या दोन्ही बाजू बघा. शाई बदलून फरक पडत नाही, म्हणजे संशय सिल्व्हरवरून काढायला हरकत नाही. टेपवर आलेला तुकडा उलटा करा आणि सेलवरच्या उघड्या जागेवर व तुकड्याच्या पाठीवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा. सेलवर थेंब गोल उभा राहिला आणि पाठीवर पसरला, तर पेडॉट अ‍ॅक्टिव्ह थरावरून स्वच्छ सुटलंय. दोन्हीकडे पसरला तर पेडॉट स्वतःच मधून फाटलंय. दोन्हीकडे उभा राहिला तर अ‍ॅक्टिव्ह थर आतून तुटलाय. रंगही सांगतो: जांभळट-तांबड्या थरावर फिकट निळी झाक उरली आहे का, ते पांढऱ्या कागदावर धरून बघा. खात्री करायची तर एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागाची रासायनिक तपासणी) गंधकाची शिखरं पाहा. पीएसएसचा सल्फोनेट साधारण १६८ इलेक्ट्रॉन-व्होल्टला दिसतो, पी३एचटी आणि पेडॉटमधल्या थायोफीनचा १६४ च्या आसपास.

या रचनेत सगळ्यात कमकुवत जागा अ‍ॅक्टिव्ह थर आणि पेडॉट यांच्यामधली असते. रोल-टू-रोल सेलवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तिथली फ्रॅक्चर एनर्जी (थर सुटे करायला दर चौरस मीटरला लागणारी ऊर्जा) अ‍ॅक्टिव्ह थरातल्या मिश्रणानुसार १.६ पासून ०.१ ज्यूल प्रति चौरस मीटरपर्यंत आली होती. पीसीबीएमचं प्रमाण वाढवलं की पकड घसरते, म्हणून वजनी प्रमाण ठरवताना फक्त एफिशियन्सी बघू नका.

या आकड्यांवरून टेप टेस्ट का पुरत नाही तेही कळतं. ९० अंशांच्या पील टेस्टमध्ये एनर्जी म्हणजे बल भागिले रुंदी. २५ मिमी पट्टीला १.६ ज्यूल म्हणजे जेमतेम ०.०४ न्यूटन. त्यात पीईटी वाकताना कायमचं विकृत होतं, त्याची ऊर्जाही याच आकड्यात मिसळते आणि पकड आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

डबल कँटिलिव्हर बीम घ्या. नमुना दोन ताठ पट्ट्यांमध्ये इपॉक्सीने चिकटवा, एका टोकाकडून हळू उघडा. जी = १२ × बल² × तडा² ÷ (ई × रुंदी² × पट्टीची जाडी³). यात जी म्हणजे फ्रॅक्चर एनर्जी, तडा म्हणजे तड्याची लांबी आणि ई म्हणजे पट्टीच्या पदार्थाचा यंग मापांक (ताठपणा). १ मिमी जाड, १० मिमी रुंद काचेच्या पट्ट्या आणि २० मिमी तडा असेल तर १ ज्यूलला साधारण १.२ न्यूटन लागतात, साध्या लोडसेलवर छान दिसतात. दोन गोष्टी सांभाळा. इपॉक्सी खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी हवी, नाहीतर ती ओव्हनमध्ये घट्ट होताना नमुन्याचंच अनीलिंग होतं. आणि छापलेलं सिल्व्हर सच्छिद्र असतं, त्यातून इपॉक्सी पेडॉटमध्ये झिरपली की पकड खोटी वाढते. पातळ इपॉक्सी टाळा.

पातळथर

थेंब सेलवर उभा, तुकड्याच्या पाठीवर पसरलेला. म्हणजे सरळ इंटरफेसच. पेडॉटआधी यूव्ही-ओझोन दिला तर चालेल का?

ओलावा_शत्रू

यूव्ही-ओझोन नको, पी३एचटीचं ऑक्सिडेशन होतं. कमी पॉवरचा आर्गॉन प्लाझ्मा काही सेकंद पुरतो. जास्त वेळ दिला तर पृष्ठभागावर तुटलेल्या साखळ्यांचा भुसभुशीत थर तयार होतो: पेडॉट नीट पसरतं, पकड मात्र बिघडते. सर्फॅक्टंटचंही तसंच, पेडॉट एकसारखं पसरेल इतकंच घाला.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अनीलिंगची वेळ बदलणं. ते पेडॉट घातल्यानंतर करा. त्या इंटरफेसची पकड अनीलिंगचं तापमान आणि वेळ वाढेल तशी वाढते, आणि आधी केलेल्या अनीलिंगचा तिला काहीच फायदा मिळत नाही. १२० अंशांपासून सुरुवात करून वेळ वाढवत न्या. उष्णता-स्थिर पीईटी नसेल तर फिल्म आकसते, आणि अति केलं की पीसीबीएमचे मोठे स्फटिक होऊन करंट पडतो. त्यामुळे दर टप्प्याला जी आणि जे-व्ही (करंट-व्होल्टेज आलेख) दोन्ही मोजा.

मग आर्द्रता. पीएसएस पाणी ओढतं, साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल होतात आणि पेडॉट आतूनच कमकुवत होतं. चाचणीच्या वेळची सापेक्ष आर्द्रता न लिहिलेला आकडा तुलनेला निरुपयोगी आहे. जीओपीएस (साखळ्या एकमेकींना जोडणारं सिलेन) पेडॉटमध्ये साधारण १ टक्का घातलं तर क्रॉसलिंकिंग होऊन फुगणं थांबतं, पण कंडक्टिव्हिटी उतरते, आणि क्युरिंगला बहुधा १४० अंशांच्या आसपास लागतात, म्हणजे साध्या पीईटीला कठीण.

कड_आणि_वाक

पकड वाढवण्याइतकंच तिच्यावर येणारा ताण कमी करणंही महत्त्वाचं. विकृती (लांबीतला सापेक्ष बदल) = एकूण जाडी ÷ (२ × त्रिज्या). १२५ मायक्रॉनला ५ मिमीवर ती १.२५ टक्के होते, आयटीओला तडे जायची सुरुवात याच्या जवळपासच असते. ५० मायक्रॉन पीईटी घेतलं तर ०.५ टक्के. किंवा वरून तेवढ्याच जाडीची बॅरिअर फिल्म (ओलावा अडवणारी) लावा, म्हणजे थर मधल्या, ताण नसलेल्या पातळीजवळ येतात. मऊ चिकटद्रव्य जाड घातलं तर दोन्ही फिल्म वेगवेगळ्या वाकतात आणि हा फायदा जातो.

कडेपासून सुटतंय त्याचं कारण बहुधा कापणी. थर सलग घालून कात्रीने कापलं की कडेवर तडे आधीच तयार असतात आणि ओलावाही तिथूनच पेडॉटमध्ये शिरतो. चारी बाजूंनी किमान ५ मिमी पट्टा अ‍ॅक्टिव्ह थर आणि पेडॉटपासून मोकळा ठेवा, म्हणजे बॅरिअरचं चिकटद्रव्य थेट सबस्ट्रेटला धरेल. कापायचं ते त्या मोकळ्या पट्ट्यातूनच.