वादग्रस्त उमेदवार, पहिलं मतदान

प्रश्न: विधानसभेला आमच्याकडे गुन्हे दाखल असलेला उमेदवार आहे. नोटा (‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण) दाबला तर तो पडेल का?

– नाही. नोटा २०१३ पासून आहे, पण विधानसभेला त्याला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. पाडायचाच असेल तर समोरच्या तगड्या उमेदवाराला मत द्या.

– आधी उमेदवाराचं नमुना २६ चं शपथपत्र (त्यात तो आपल्यावरचे गुन्हे जाहीर करतो) वाचा, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. कलमं बघा, आरोपनिश्चिती (कोर्टाने आरोप ठरवणं) झालीय का तेही. मोर्चातला जमावबंदीचा गुन्हा आणि खंडणीचा, दोन्ही त्याच तक्त्यात असतात!

– मतदार यादीत नाव आहे ना? नसेल तर नमुना ६ (नावनोंदणीचा अर्ज) लगेच भरा. नुसतं मतदार कार्ड दाखवून मत देता येत नाही.

– व्हीव्हीपॅटची (मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी ७ सेकंदच दिसते, लक्ष ठेवा.