चेहरा ओळखणारं यंत्र काळ्या माणसांवरच जास्त चुकतं, तर ते पोलिसांच्या हातात हवंच कशाला?

नोवीवासी (धागाकर्ती)

मी डेट्रॉइटजवळ नोवीला राहते. आमच्या शेजारच्या फार्मिंग्टन हिल्समध्ये जानेवारी २०२० मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या अंगणात, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या गेल्या. आरोप काय, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या एका दुकानातून सुमारे ३,८०० डॉलरची घड्याळं चोरली. त्याचा त्या चोरीशी काडीचाही संबंध नव्हता. तीसेक तास कोठडीत गेले. चौकशीत त्याच्यासमोर कॅमेऱ्यातला फोटो ठेवला, तेव्हा त्यानं तो उचलून स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि हा मी नाही म्हणून सांगितलं. समोरच्या अधिकाऱ्यांनाही फरक दिसत होता. तरी संध्याकाळपर्यंत कोठडीतच ठेवलं.

त्याचं नाव आलं कुठून? दुकानातल्या कॅमेऱ्याचं अंधुक चित्र, डोक्यावर टोपी, मान खाली. ते यंत्रात घातलं आणि यंत्रानं मुदत संपलेल्या ड्रायव्हिंग लायसन्सवरचा त्याचा फोटो काढून दिला. मग तो सहा फोटोंच्या संचात घालून एका बाईंना दाखवला. बाई दुकानाच्या सुरक्षेचं काम घेतलेल्या कंपनीतल्या. चोरीच्या दिवशी त्या दुकानात नव्हत्याच, त्यांनी फक्त तेच चित्रण पाहिलं होतं. त्यांनी बोट ठेवलं आणि पोलिसांनी त्याला ओळख पटणं म्हटलं.

हा अपवाद नाही असं मी म्हणते, आणि त्याला आधार आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन सरकारच्याच निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं १८९ अल्गोरिदम, म्हणजे चेहरे जुळवणारी गणिती सूत्रं, तपासले. दोन फोटो एकाच माणसाचे आहेत का, या प्रश्नाला चुकून 'हो' म्हणण्याचं प्रमाण आफ्रिकन-अमेरिकन आणि आशियाई चेहऱ्यांत गोऱ्यांच्या तुलनेत अनेक अल्गोरिदममध्ये १० ते १०० पट निघालं. ज्या समाजाला आधीच पोलिसांचा जाच आहे, त्याच्याच वाट्याला यंत्राच्या चुका जास्त. माझं मत सरळ आहे: पोलिसांनी हे यंत्र वापरणं बंद करावं. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१९ च्या मे महिन्यात शहरातल्या सरकारी खात्यांसाठी ही बंदी घातलीच आहे.

सांख्यिक

तुमचा संताप पटतो, निष्कर्ष पटत नाही. बुओलाम्विनी-गेब्रू यांनी मोजलं ते लिंग ओळखण्याचं काम. लाखो फोटोंतून एक माणूस शोधणं हे वेगळं काम आहे, आणि एका कामातली टक्केवारी दुसऱ्याला लावता येत नाही. निस्टचा अहवाल पूर्ण वाचला तर त्यात हेही आहे की अल्गोरिदमा-अल्गोरिदमात प्रचंड फरक आहे. आशियात तयार झालेल्या काही अल्गोरिदममध्ये आशियाई आणि गोरे यांच्यातली तफावत फारशी नव्हती. एकाला अनेकांत शोधण्याच्या चाचणीत सर्वांत अचूक असलेल्यांपैकी काहींमध्ये वांशिक फरक जवळपास सापडलाच नाही. म्हणजे दोष सुधारता येतो, आणि काहींनी तो सुधारला आहे. मग बंदी कशाला? किमान अचूकतेची अट घाला, नापास होईल ते सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.

आणि यंत्र नसेल तेव्हा काय असतं, हेही पाहा. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या खटल्यांत निम्म्याहून कितीतरी अधिक ठिकाणी प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानं चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. दुसऱ्या वंशाचे चेहरे ओळखताना माणूस जास्त चुकतो, हे मानसशास्त्रात कित्येक दशकं माहीत आहे. माणसाची ही चूक तुम्ही कोणत्या कारखान्यात दुरुस्त करणार?

काळोखखोली

मी फोटोग्राफीतला, म्हणून एवढंच. हे दुखणं अल्गोरिदमच्याही आधीचं आहे. कोडॅकच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' असायचं, म्हणजे एका गोऱ्या बाईचा फोटो. तिची त्वचा नीट आली की प्रिंट नीट आली असं धरायचे. एकाच फोटोत गोरं आणि काळं मूल शेजारी बसलं तर काळ्या मुलाचे डोळे आणि दात तेवढे दिसायचे. सुधारणेला जोर आला तो फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिरातदारांनी लाकडाच्या आणि चॉकलेटच्या छटा नीट येत नाहीत अशी तक्रार केल्यावर.

आजही दुकानातला स्वस्त कॅमेरा वर, कोपऱ्यात, उजेडाकडे तोंड करून लावलेला असतो. पाठीमागे काच आणि ऊन. अशा वेळी गडद चेहऱ्याचा तपशील सावलीत जातो: नाकाची कड, भुवईचा उंचवटा, गालाची रेषा. तो एकदा गेला की कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणलं तरी परत येत नाही. सांख्यिकसाहेब, स्टुडिओसारख्या उजेडात काढलेल्या फोटोंवर पास झालेलं सॉफ्टवेअर या चित्रावर काय करेल, याची अट कुणी घालायची?

सरळरेषा

मला यातलं मूळच समजत नाही. गणिताला वंश कसा असेल? सॉफ्टवेअरमध्ये 'वंश' असा रकानाच नसतो. ज्याला वंश माहीतच नाही ते भेदभाव कसा करेल? आणि डेट्रॉइटची जवळपास ७८ टक्के वस्ती कृष्णवर्णीय आहे. तिथं चुकून पकडले जाणारेही बहुतेक कृष्णवर्णीयच असणार. याला पक्षपात म्हणणं म्हणजे उगाच राईचा पर्वत करणं आहे.

वैद्यकीय_नोंद

सरळरेषा, रकाना नसतानाही भेद होतो याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण दवाखान्यातलं आहे. २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकात झियाद ओबरमेयर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना जास्तीची देखरेख द्यायची हे ठरवणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्याला वंश दिलेलाच नव्हता. आजारपण किती, हे थेट मोजता येईना, म्हणून 'पुढे खर्च किती होईल' यावरून गरज ठरवली जायची. आता कृष्णवर्णीय रुग्णावर तेवढ्याच आजारात कमी खर्च झालेला असतो, कारण त्याला उपचारच कमी मिळालेले असतात. यंत्रानं त्यावरून काढलं की हा कमी आजारी आहे! ही चूक दुरुस्त केली तर जास्तीच्या मदतीला पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातं, असं त्या अभ्यासात दाखवलं आहे.

गणित बरोबर होतं, प्रश्न चुकीचा विचारला होता. आणि तो विचारणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात द्वेष असण्याची गरजही पडली नाही.

सरळरेषा

दवाखान्याचं उदाहरण पटलं, पण तिथं खर्च हे माप चुकीचं निवडलं होतं. चेहरा म्हणजे चेहराच. त्यात कोणतं माप चुकीचं निवडलं?

नोवीवासी

सरळरेषा, चेहऱ्याच्या बाबतीत निवड दोनदा होते. एकदा यंत्राला शिकवताना. या क्षेत्रात वर्षानुवर्षं प्रमाण मानला गेलेला एक फोटोसंग्रह तपासला गेला, तेव्हा त्यात ७७ टक्क्यांहून जास्त पुरुष आणि ८३ टक्क्यांहून जास्त गोरे निघाले. ज्या चेहऱ्यांची सवयच नाही त्यांच्यातला बारीक फरक यंत्राला कळत नाही, सगळे त्याला जवळजवळ वाटतात. दुसऱ्यांदा निवड होते ती शोधायचं कुठे हे ठरवताना. पोलीस शोधतात ते बऱ्याचदा पूर्वी अटक झालेल्यांच्या फोटोंत. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे, पण फोटो राहतो. ज्या वस्तीत गस्त जास्त तिथल्या अटका जास्त, आणि मग पुढच्या प्रत्येक शोधात त्याच वस्तीतले चेहरे चाळले जातात. डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय ७८ टक्के आहेत म्हणून काळजी कमी होत नाही, वाढते. ज्या चेहऱ्यांवर यंत्र सर्वांत कच्चं, ते यंत्र नेमकं त्याच चेहऱ्यांच्या शहराला विकलं गेलं.

सांख्यिक, तुमच्या 'अचूकतेच्या अटी'बद्दल. घड्याळांच्या चोरीत अडकवलेल्या त्या गृहस्थांनी पोलिसांवर खटला भरला, त्यात पुढे आलं, की यंत्रानं दिलेल्या यादीत ते पहिल्या नव्हे, नवव्या क्रमांकावर होते. डेट्रॉइटचे तेव्हाचे पोलीसप्रमुख जेम्स क्रेग यांनीच २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं की नुसत्या सॉफ्टवेअरवर विसंबलो तर ९५ ते ९७ टक्के वेळा गुन्ह्याचा उलगडा होणार नाही. वापरणाऱ्यालाच हे माहीत होतं, तरी माणूस आत गेला. आणि हे आपल्यापासून फार लांबचं नाही. निस्टच्या त्याच अहवालात दक्षिण आशियाई चेहऱ्यांवरही चुकीच्या 'हो'चं प्रमाण पूर्व युरोपीय चेहऱ्यांपेक्षा वाढलेलं आहे. नोवी-ट्रॉयच्या मराठी घरांतली मुलं त्याच मॉलमध्ये, त्याच कॅमेऱ्यांखाली फिरतात.

निवृत्त_फौजदार

मी महाराष्ट्र पोलिसांत आयुष्य काढलं, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताई, गुन्हा घडतो तेव्हा फिर्यादी समोर रडत असतो आणि हातात काहीच नसतं. अशा वेळी एक नाव जरी मिळालं तरी तपासाला दिशा मिळते. खबऱ्या नाव देतो, तेही चुकतं. म्हणून खबरे बंद करत नाहीत. नाव मिळाल्यावर तो इसम त्या दिवशी कुठे होता, मोबाईल कुठे होता, माल कुठे गेला, हे पाहणं हे तपासी अंमलदाराचं काम. तुम्ही सांगितलेल्या केसमध्ये त्यांनी यातलं काही केलेलं दिसत नाही. तो कामचुकारपणा आहे. त्याची शिक्षा त्या अधिकाऱ्याला द्या, साधनाला नको.

हरवलेली मुलं, बेवारस मयत, वेषांतर करून फिरणारे फरारी, यांत या यंत्राचा उपयोग होतो. ज्या आईचं पोर हरवलंय तिला बंदीची भाषा सांगून पाहा.

नोवीवासी

फौजदारसाहेब, तुमच्याकडूनच एक समजून घ्यायचं आहे. ओळख परेडच्या आधी साक्षीदाराला संशयिताचा फोटो दाखवला तर काय होतं?

निवृत्त_फौजदार

ती परेड कोर्टात टिकत नाही. म्हणून तर परेडला नेताना आरोपीचा चेहरा झाकून नेतात, परेड दंडाधिकाऱ्यांसमोर होते, आम्हाला त्या खोलीत थांबता येत नाही. सोबत उभे करायचे तेही साधारण त्याच वयाचे, त्याच अंगकाठीचे असावे लागतात. म्हणजे साक्षीदारानं स्वतःच्या आठवणीतूनच ओळखावं.

नोवीवासी

आता यंत्र घाला त्यात. यंत्र चोराच्या चित्राशी सर्वांत जास्त मिळताजुळता चेहरा लाखोंतून शोधून आणतं. समजा तो माणूस निर्दोष आहे. तरी तो चोरासारखा दिसतो, कारण निवडलाच त्यासाठी! मग त्याचा फोटो इतर पाच जणांत घालून साक्षीदाराला विचारायचं, यातला कोण? साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याच्यावरच बोट ठेवेल. खबऱ्याची चूक वेगळी असते. खबऱ्यानं चुकीचं नाव दिलं तर तो माणूस सहसा चोरासारखा दिसत नाही, आणि साक्षीदार 'हा नव्हे' म्हणतो. यंत्राची चूक साक्षीदाराच्याही हातून निसटते. म्हणजे दोन पुरावे दिसतात, पण असतो एकच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये डेट्रॉइटमध्येच आठ महिन्यांच्या गरोदर बाईला मोटार लुटल्याच्या आरोपावरून पकडलं. यंत्रानं नाव दिलं, फिर्यादीनं फोटोंतून ओळखलं. फोटो होता २०१५ चा. लुटणारी बाई गरोदर होती असं कुणीच म्हटलं नव्हतं.

सांख्यिक

हा मुद्दा मला नाकारता येत नाही. यात गंमत अशी की सॉफ्टवेअर जितकं चांगलं, तितका चुकीचा माणूस खऱ्यासारखा जास्त दिसणार. म्हणजे माझी अचूकतेची अट एकटी पुरेशी नाही. फोटोंचा संग्रह जितका मोठा, तितके असे सारखे चेहरेही जास्त मिळणार.

पण यातूनही बंदी निघत नाही, प्रक्रियेचा नियम निघतो. २०२४ च्या जूनमध्ये घड्याळांच्या प्रकरणातल्या खटल्यात तडजोड झाली, त्यात तोच केला गेला: केवळ यंत्राच्या सांगण्यावरून अटक नाही. यंत्राकडून मिळालेल्या नावावरून थेट फोटो-ओळख नाही, आधी दुसरा स्वतंत्र पुरावा हवा. २०१७ पासूनची जुनी प्रकरणं तपासायची. त्या गृहस्थांना ३ लाख डॉलर भरपाई. बंदी घातलेल्या काही शहरांचे पोलीस शेजारच्या खात्याकडून शोध करून घेतात, तेव्हा हे नियम कुठेच लागू होत नाहीत. मला उघड्यावरचं, नियमात बांधलेलं साधन जास्त सुरक्षित वाटतं.

नोवीवासी

नियम आला कशामुळे? एका कुटुंबानं साडेचार वर्षं झगडून आणला. त्यांच्या मागे एसीएलयू ही नागरी हक्क संघटना उभी राहिली म्हणून जमलं. ज्याला वकील परवडत नाही आणि ज्याला यंत्रानं नाव दिलं हे कधी सांगितलंच जात नाही, तो गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेतो. त्याची नोंद कुठल्याच टक्केवारीत येत नाही. मी बंदीवरच ठाम आहे.

काळोखखोली

आपल्याकडचंही एक सांगतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेलं उत्तर २०२२ मध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं प्रसिद्ध केलं: ८० टक्क्यांच्या वर साम्य असलं की जुळलं असं धरतात. त्याच्या खालचेही सोडून देत नाहीत, पुढे पडताळतात. २०१८ मध्ये एसीएलयूनं ॲमेझॉनचं सॉफ्टवेअर ८० वरच ठेवून अमेरिकन संसद सदस्यांचे फोटो अटक झालेल्यांच्या फोटोंशी ताडले होते. २८ सदस्य त्या फोटोंशी जुळतात असं यंत्रानं चुकून सांगितलं. त्यांत गौरेतर ३९ टक्के, संसदेत त्यांचं प्रमाण साधारण २०. तेव्हा ॲमेझॉननं म्हटलं, पोलिसी कामाला ९९ हवं.

सांख्यिक

दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधले ८० टक्के एकच नसतात, हे ध्यानात ठेवा. तो आकडा संभाव्यता नव्हे, त्या त्या कंपनीचा अंतर्गत गुण आहे. पण पोलीस ठाण्यात बसलेला माणूस '८० टक्के' ऐकून काय समजणार, ही भीती खरी आहे.

निवृत्त_फौजदार

मी बंदीच्या विरोधातच आहे. पण ताईंच्या परेडच्या मुद्द्यावर माझं म्हणणं असं: यंत्र वापरलं असेल तर ते आरोपपत्रात स्पष्ट लिहिलं पाहिजे. कोणतं चित्र घातलं, यादीत किती नावं आली, हा इसम कितवा होता, बाकीचे का सोडले. आणि त्या यादीतला माणूस परेडला उभा करायचा असेल तर आधी दुसरा पुरावा केस डायरीत आलेला असावा. हे लिहायची सक्ती झाली तर निम्मे अधिकारी ते यंत्र विचार करूनच उघडतील.